गॅरेजमधले सस्पेन्शन: स्वस्तात घडलेल्या एका शास्त्राचा इतिहास

१९४६ साली इंग्लंडात पेट्रोल रेशनवर होते आणि नवी मोटार ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची वस्तू होती. लंडनच्या नैर्ऋत्येस सर्बिटन येथे चार्ल्स कूपर यांचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज होते. त्यांचा तरुण मुलगा जॉन आणि त्याचा मित्र एरिक ब्रँडन यांना शर्यतीची गाडी हवी होती. खिशात पैसे नव्हते. ब्रिस्टल परिसरातील काही हौशी मंडळींनी तेव्हा ५०० सीसीच्या मोटारसायकल इंजिनावर चालणाऱ्या स्वस्त शर्यती गाड्यांची कल्पना मांडली होती, आणि तीच या दोघांनी उचलली. इंजिनाचा प्रश्न जॅप कंपनीच्या एका सिलिंडरच्या इंजिनाने सुटला. उरला तो चाकांचा प्रश्न. खाचखळग्यांवर चारही चाके जमिनीला धरून ठेवणारी यंत्रणा आणायची कुठून?

कूपर पितापुत्रांनी काढलेला उपाय आजही थक्क करतो. फियाटच्या ‘टोपोलिनो’ या चिमुकल्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांना परस्परांपासून स्वतंत्र सस्पेन्शन होते. वरच्या बाजूस आडवा बसवलेला पट्ट्यांचा पाटा आणि खाली त्रिकोणी बाहू, एवढीच त्याची रचना. कूपरांनी अशा दोन गाड्यांची पुढची टोके मिळवली आणि पाठीला पाठ लावून जोडली. एक टोक पुढे, दुसरे मागे. मागच्या चाकांना साखळीने फिरवायचे असल्याने इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवणे सोयीचे होते. त्यात कोणताही मोठा सिद्धान्त नव्हता. या सोयीतून निघालेल्या गाड्यांच्या वंशावळीने पुढे १९५९ आणि १९६० या दोन्ही वर्षी फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पुढे इंजिन असलेली शर्यती गाडी इतिहासजमा झाली.

मराठीत या यंत्रणेला ‘निलंबन’ म्हणण्याची पारिभाषिक सोय आहे. पण तो शब्द उच्चारताच एखादा सरकारी कर्मचारी डोळ्यांपुढे उभा राहतो. तेव्हा सस्पेन्शन हाच शब्द बरा. गॅरेजमध्ये त्यातील स्प्रिंगला स्प्रिंग, पट्ट्यांच्या जुडीला पाटा आणि हेलकावे शमवणाऱ्या नळकांड्याला शॉकअप म्हणतात. वर्कशॉपचा उंबरठा ओलांडलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे शब्द ठाऊक असतात. शॉकअप या शब्दात मात्र एक गैरसमज दडलेला आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. झेललेली ऊर्जा उष्णतेत घालवून पुढचे हेलकावे थांबवणे हे शॉकअपचे काम. या दोन कामांची गल्लत झाल्यामुळे हौशी माणसांनी गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ पैसा वाया घालवला आहे.

या दोन कामांची फोड प्रथम झाली ती घोडागाडी मोटारीला जागा देत असताना. ओबडाया इलियट याने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाट्याचे पेटंट घेतले होते आणि त्यानंतरच्या शतकभरात पाटा हा गाडीचा अविभाज्य भाग झाला होता. पाट्यातील पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणात हेलकावे काहीसे विरून जातात. घोड्याच्या वेगाला तेवढे पुरे होते. मोटारीच्या वेगाला ते पुरेना. गाडी उसळली की उसळतच राही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्समधील त्र्युफो आणि अमेरिकेतील एडवर्ड हार्टफर्ड यांच्या नावाने एक साधे साधन बाजारात आले. कात्रीसारखे दोन बाहू, सांध्यात लाकडाच्या किंवा चामड्याच्या चकत्या आणि त्या चकत्यांना आवळून धरणारा मध्यभागी एक नट. चाक वर गेले की कात्री मिटे, चकत्या एकमेकींवर घासत आणि ऊर्जा खर्ची पडे.

खरे महत्त्व त्या नटाचे होते. पाना घेऊन तो थोडा आवळला की घर्षण वाढे, सैल केला की कमी होई. सामान्य मोटारमालकाच्या हातात आलेले, पैशाविना बदलता येणारे सस्पेन्शन ते हेच. इंग्लंडमध्ये पुढे १९३० च्या दशकात आंद्रे कंपनीने चालकाला आसनावर बसल्या बसल्या हा दाब बदलता येईल अशीही सोय केली. आजच्या महागड्या गाड्यांतील ‘कम्फर्ट’ आणि ‘स्पोर्ट’ या बटनांचे पूर्वज तिथे सापडतात.

परंतु हा नट फसवा होता, आणि तो का फसवा होता हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. सोयीसाठी एका चाकावर गाडीचे १०० किलो वजन आहे आणि तिथल्या स्प्रिंगची ताठरता १०,००० न्यूटन प्रति मीटर आहे, असे धरू. तत्कालीन घरगुती शर्यती गाड्यांच्या जवळपास जाणारे हे आकडे आहेत. ताठरतेला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढले तर १० येतात. त्याला पायच्या दुपटीने भागले की सेकंदाला साधारण १.६ हेलकावे ही त्या कोपऱ्याची नैसर्गिक वारंवारता मिळते. आता चकत्यांचे घर्षण चाकापाशी १०० न्यूटन आहे असे समजू. घर्षणाचे बल वेगावर अवलंबून नसते, त्यामुळे हेलकावा प्रत्येक फेरीत ठरावीक अंतराने घटतो. हे अंतर घर्षणबलाची चौपट भागिले ताठरता, म्हणजे ४ सेंटिमीटर. हेलकावा सरळ रेषेत उतरत जातो आणि मग एकदम थांबतो. थांबतो तो मात्र मूळ जागी थांबेलच असे नाही. वर किंवा खाली १ सेंटिमीटरच्या आत कुठेही अडकून बसू शकतो. याचाच दुसरा अर्थ असा, की रस्त्याच्या बारीक खडबडीने निर्माण होणारे बल १०० न्यूटनपेक्षा कमी असेल तर स्प्रिंग जागची हलतच नाही. नट जितका आवळावा तितका हा मृत पट्टा रुंद होतो. शेवटी गाडी केवळ टायरच्या हवेवर चालू लागते, आणि मालकाला वाटते की सस्पेन्शन ‘टाइट’ झाले.

तेलावर चालणाऱ्या शॉकअपमध्ये ही खोट नाही. बारीक छिद्रातून तेल ढकलले जाताना होणारा विरोध वेगासोबत वाढतो. वेग शून्य असेल तर विरोधही शून्य. गाडी नेहमी आपल्या जागेवर परतते. वरच्याच उदाहरणात हेलकावे अजिबात होऊ न देता गाडी जागेवर आणणारा विरोध काढला तर तो २,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर येतो. व्यवहारात याच्या पाव ते चाळीस टक्के इतकाच विरोध ठेवतात, कारण पूर्ण विरोध ठेवला तर खडबडीत रस्त्यावरचा प्रत्येक धक्का शॉकअपमधूनच थेट अंगावर येतो. फ्रान्समधील मोरिस उदाय याची फिरत्या बाहूची तेलाची यंत्रणा १९२० च्या दशकाअखेरीस फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीवर बसली, आणि चकत्यांचे दिवस भरत आले. स्वस्त गाड्यांत आणि घरगुती शर्यती गाड्यांत त्या आणखी बरीच वर्षे टिकून राहिल्या. पाना एकच लागत असे, हे त्याचे कारण.

गाडीचे पुढचे टोक आणि मागचे टोक यांचा परस्परसंबंध कसा असावा, हा प्रश्न मात्र एका नटाने सुटणारा नव्हता. तो सोडवला मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने. रोल्स-रॉइसमधून तो १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीत गेला. १९३२ मध्ये त्याने एक सात आसनी लांबलचक गाडी घेतली आणि तिच्या पुढे-मागे हलवता येतील अशी वजने लावली. वजने बाहेर सरकवली की गाडीचे जडत्वाघूर्ण वाढे, आत घेतली की घटे. स्प्रिंगांची ताठरताही पुढे आणि मागे स्वतंत्रपणे बदलता येत असे. ‘के-स्क्वेअर रिग’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. आरामदायी प्रवास मोजणारे उपकरण तेव्हा हाताशी नव्हते. माणसे गाडीत बसत, एक बदल करून त्याच रस्त्याने जात, पुन्हा दुसरा बदल करून जात आणि कोणता प्रवास सुसह्य वाटला ते सांगत. पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हा प्रयोग अडाणी वाटेल. वास्तविक तो अत्यंत शिस्तशीर होता, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलत होती.

त्यातून निघालेला निष्कर्ष त्या काळच्या रूढ समजुतीच्या विरुद्ध होता. गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगा तेव्हा मागच्यांहून ताठ ठेवत. ऑलीला आढळले की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असल्या तर गाडी सपाट, संथ चालते. कारण सोपे आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि थोड्या वेळाने मागच्यांना. अडीच मीटर अंतरावर चाके असलेली गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असेल, तर हा उशीर सेकंदाच्या सुमारे एक षष्ठांश इतका असतो. मागचे टोक थोडे जलद हलत असेल तर ते उशिरा सुरुवात करूनही पुढच्या टोकाला गाठते, दोन्ही टोके एकत्र वर-खाली होतात आणि होडीसारखे डुलणे थांबते. माणसाला वर-खाली होणे सोसते, डुलणे सोसत नाही.

पण पुढच्या स्प्रिंगा मऊ करताच एक नवे संकट उभे राहिले. पुढची दोन्ही चाके एकाच आडव्या आसाला जोडलेली होती. एक चाक उंचवट्यावर चढले की सगळा आस तिरपा होई आणि फिरती चाके भोवऱ्याप्रमाणे वागत. फिरत्या भोवऱ्याला एका दिशेने तिरपे केले की तो काटकोनातील दिशेला वळतो. त्याचप्रमाणे तिरपी झालेली चाके स्टिअरिंगला झटके देत. मऊ स्प्रिंगांमुळे तिरपेपणा वाढे आणि झटकेही वाढत. उपाय एकच होता: प्रत्येक चाक स्वतंत्र करणे. १९३४ साली जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची चाके स्वतंत्र झाली. युरोपात काही कंपन्यांनी ही वाट आधीच धरली होती, आणि टोपोलिनोची पुढची टोके कूपरांच्या गॅरेजात पोहोचली ती याच वाटेने.

हौशी मंडळींची अडचण अशी, की बहुतेकांच्या हाती आडव्या आसाचीच गाडी असे. इंग्लंडात ती ‘ऑस्टिन सेव्हन’ होती. १९२२ मध्ये आलेली ही स्वस्त गाडी १९३९ पर्यंत तयार होत राहिली आणि युद्धानंतर जुन्या बाजारात अगदी किरकोळ पैशांत मिळू लागली. तिच्याभोवती १९३९ मध्ये ‘७५० मोटर क्लब’ उभा राहिला. या क्लबाच्या मंडळींची एक आवडती शस्त्रक्रिया होती. पुढचा आडवा आस मधोमध कापायचा, दोन्ही अर्धुके मध्यभागी एकेका खिळीवर टांगायची आणि झाली दोन्ही चाके स्वतंत्र! लेस्ली बॅलमी याने १९३० च्या दशकातच ही युक्ती विकायला काढली होती. करवत, वेल्डिंग आणि दोन बुश एवढ्यावर काम भागे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन नावाच्या विद्यार्थ्याने १९४८ मध्ये आपल्या मैत्रिणीच्या वडिलांच्या घरामागील एका लहानशा गॅरेजात जुन्या ऑस्टिन सेव्हनची नवी गाडी बनवली. हीच पहिली लोटस. पुढच्या काही गाड्यांत त्यानेही कापलेल्या आसाचाच आधार घेतला. चॅपमनविषयी दंतकथा फार आहेत आणि त्यांतल्या अर्ध्या त्याच्या चाहत्यांनी रचलेल्या आहेत. परंतु एक गोष्ट त्याच्या गाड्यांतून स्वच्छ दिसते. इतर हौशी लोक स्प्रिंगा ताठ करून गाडी ‘रेसिंग’ करत होते, तेव्हा स्थापत्याचा हा विद्यार्थी उलट दिशेने विचार करत होता. सांगाडा ताठ हवा, स्प्रिंग मऊ हवी आणि शॉकअप चोख हवा. सांगाडाच पिळवटत असेल तर तोही एक स्प्रिंग बनतो, आणि त्या स्प्रिंगला शॉकअप नसतो.

कापलेला आस हा मात्र निर्दोष उपाय नव्हता. चाक मध्यभागच्या खिळीभोवती कंसात फिरते, त्यामुळे वर जाताना ते कलते. खिळीपासून चाकापर्यंत ५० सेंटिमीटर अंतर असेल आणि चाक ५ सेंटिमीटर वर गेले, तर ते जवळपास ६ अंशांनी तिरपे होते. टायरची पकड तिथे कमी होते. वेगाने वळताना बाहेरच्या चाकावर येणारे बाजूचे बल गाडीला वर उचलते, चाक आत दुमडू पाहते आणि गाडी उलटण्याचा धोका निर्माण होतो. भोवऱ्याचे झटके जावेत म्हणून केलेली शस्त्रक्रिया काही वेळा नवा आजार देऊन जाई. स्वतःच्या हातांनी आस कापणाऱ्या तरुणांना हे आधी कुणी सांगितले नव्हते. शर्यतीच्या वळणांनी शिकवले. पुढे चॅपमन आणि कूपर दोघांनीही समांतर नसलेल्या दोन बाहूंची रचना स्वीकारली, ज्यात चाक वर-खाली होताना आपला उभेपणा बराचसा टिकवते.

या सगळ्या गॅरेजांत मोजमाप कसे होत असेल? प्रयोगशाळेतील उपकरणे नव्हती, आणि ती लागतही नाहीत. स्प्रिंगची ताठरता काढायला एक मोजपट्टी आणि ज्याचे वजन ठाऊक आहे असा एक मित्र पुरतो. ८० किलोचा मित्र गाडीच्या कोपऱ्यावर बसल्यावर तो कोपरा ८ सेंटिमीटर खाली गेला, तर ताठरता सुमारे १०,००० न्यूटन प्रति मीटर आहे. वारंवारता तर त्याहून सोपी. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबली आहे एवढे कळले की पुरे. वस्तुमान, ताठरता, काहीच वेगळे मोजावे लागत नाही. २५ सेंटिमीटर दाब म्हणजे सेकंदाला एक हेलकावा, १० सेंटिमीटर म्हणजे सुमारे १.६, आणि ६ सेंटिमीटर म्हणजे २ हेलकावे. प्रवासी गाड्या साधारण १ ते १.५ च्या घरात असतात. शर्यतीच्या गाड्या २ च्या पुढे. भुईवर एक फूटपट्टी टेकवून गाडीचा स्वभाव वाचता येतो, ही या शास्त्रातील सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे आणि पाठ्यपुस्तके तिच्यावरून घाईने पुढे जातात.

ताठरता बदलण्याचे स्वस्त मार्गही याच काळात रुळले. पाट्यातील एक पट्टी काढली की ताठरता त्या प्रमाणात घटते. वळ्यांच्या स्प्रिंगमध्ये तारेच्या जाडीचा चौथा घात येतो. तार १० टक्के जाड घेतली तर ताठरता ४६ टक्क्यांनी वाढते. पण सर्वांत चतुर मार्ग स्प्रिंगला हात न लावण्याचा होता. स्प्रिंगचे खालचे टोक बाहूवर जिथे जोडले जाते ती जागा बदलायची. ती चाकापाशी असेल तर स्प्रिंगची पूर्ण ताठरता चाकाला जाणवते. बाहूच्या मध्यावर आणली तर स्प्रिंग चाकाच्या निम्मीच हलते आणि तिचे बलही निम्म्याच तरफेने चाकापर्यंत पोहोचते. दोन्ही मिळून ताठरता एक चतुर्थांश. ०.७ अंतरावर ती ४९ टक्के, ०.६ वर ३६ टक्के. बाहूवर ओळीने चार-पाच भोके पाडली की एकाच स्प्रिंगमध्ये चार-पाच स्प्रिंगा मिळाल्या. कोणतेही बदलते सस्पेन्शन याहून कमी पैशांत होत नाही.

याउलट, स्प्रिंगच्या बुडाशी असलेली आटेदार चकती फिरवून गाडी ‘हार्ड’ करणारे आजही गल्लोगल्ली भेटतात. साध्या, सम अंतराच्या वळ्यांच्या स्प्रिंगमध्ये त्या चकतीने ताठरता तसूभरही बदलत नाही. गाडीची उंची बदलते, एवढेच. स्प्रिंग कापून गाडी खाली आणण्याचा प्रकार तर दुहेरी नुकसानीचा: आठ वळ्यांतील दोन कापले की ताठरता एक तृतीयांशाने वाढते आणि नेमका त्याच वेळी चाकाला वर जायला उरलेला वाव कमी होतो. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवणे त्याहून वाईट, कारण उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. शिवाय दाबलेली स्प्रिंग हे भरलेले हत्यार असते. ३०,००० न्यूटन प्रति मीटर ताठरतेची स्प्रिंग २० सेंटिमीटर दाबली की तिच्यात ६०० जूल ऊर्जा साठते. ६० किलोचा माणूस एक मीटर उंचीवरून पडावा इतकी. योग्य शिकंज्याविना ती सोडवण्याचा मोह प्राणघातक ठरू शकतो.

बड्या कंपन्यांची वाट याच सुमारास वेगळी झाली. सिट्रोएनमध्ये पॉल माजेस या अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या कर्मचाऱ्याने वायू आणि तेल यांचे सस्पेन्शन घडवले, ते १९५५ च्या ‘डीएस’ गाडीत बसले आणि चालकाला एका दांड्याने गाडीची उंची बदलता येऊ लागली. पुढे वंगीय स्वातंत्र्यसैनिक ननीगोपाल बोस यांचे अमेरिकेत जन्मलेले पुत्र अमर बोस यांनी १९८० पासून प्रत्येक चाकावर विद्युतचुंबकीय मोटर बसवण्याचे संशोधन चालवले. २००४ मध्ये त्यांची गाडी अडथळ्यावरून उडी मारताना जगाने पाहिली. वजन आणि किंमत यांमुळे ती बाजारात आली नाही. दोन्ही कथा स्वतंत्र लेखाच्या आहेत.

भारतात ही विद्या वेगळ्या दारातून आली. ट्रकच्या पाट्यात पट्टी वाढवणारे, तुटलेली पट्टी बदलून देणारे कारागीर महामार्गाच्या कडेला कित्येक दशके आहेत, आणि ताठरता पट्ट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते हे त्यांना सूत्राविना ठाऊक आहे. मोटार घडवण्याची हौस मात्र परवाना आणि आयातबंदीच्या काळात दुर्मीळच राहिली. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर शर्यती होत आणि हाती लागेल त्या गाडीवर लोक प्रयोग करत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि चित्र पालटले. हलके, विश्वासार्ह, देशभर सुटे भाग मिळणारे इंजिन आता स्वस्तात उपलब्ध होते. कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८८ मध्ये त्याच इंजिनावर नळ्यांच्या सांगाड्याची एक आसनी शर्यती गाडी बनवली. ‘फॉर्म्युला मारुती’ या नावाने ती ओळखली गेली. सर्बिटनमध्ये जे काम टोपोलिनोने आणि जॅपच्या इंजिनाने केले, ते तमिळनाडूत मारुतीने केले. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याच गाड्यांवर शिकून पुढे गेला. करिवर्धन यांचे १९९५ मध्ये विमान अपघातात निधन झाले. कोईमतूरच्या शर्यतपथाला आज त्यांचे नाव आहे.

सध्या ही परंपरा चालू आहे ती अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपांत. अमेरिकेत १९७६ मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झालेली ‘बाहा’ स्पर्धा २००७ पासून भारतात रुजली आणि इंदूरजवळचे पिथमपूर हे तिचे माहेर झाले. सुरुवातीच्या वर्षांत सर्व संघांना सुमारे १० अश्वशक्तीचे एकाच प्रकारचे इंजिन वापरावे लागे. ताकद सारखी असल्याने फरक पडतो तो सस्पेन्शनमध्ये, आणि खड्डे, ओंडके, चिखल यांतून चार तास चालणाऱ्या अखेरच्या शर्यतीत तो निर्दयपणे उघडा पडतो. श्रीमंत संघ परदेशी हवेचे शॉकअप मागवतात. ज्यांना ते परवडत नाही ते मोटारसायकलचे शॉकअप लावतात आणि बाहूवर भोके पाडतात. शॉकअपच्या दांड्याला एक प्लॅस्टिकची झिप टाय बांधली की ती सरकून चाक किती वर गेले ते सांगते. खिशातल्या फोनमधील त्वरणमापी सेकंदाला शंभर नोंदी घेतो; दीड-दोन हर्ट्‌झचे हेलकावे टिपायला ते भरपूर झाले. ऑलीला जे सहप्रवाशांच्या तोंडून ऐकावे लागले, ते आज द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आलेखावर पाहू शकते.

रस्त्यावर मात्र ही मोकळीक नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे लागू केले. त्यामागची भीती निराधार नाही. कापलेल्या आसाची गाडी शर्यतपथावर उलटली तर चालकाचे बरेवाईट होते. शाळा सुटण्याच्या वेळी भर चौकात उलटली तर प्रश्न एकट्या चालकाचा राहत नाही. तरीही या बंधनाची एक किंमत आहे. इंग्लंडात चॅपमन रोजच्या वापराची जुनी गाडी कापू शकला आणि तीच गाडी चालवत शर्यतीला जाऊ शकला. भारतातील विद्यार्थ्याला प्रयोगासाठी बंद मैदान, संघ, महाविद्यालयाची परवानगी आणि प्रवेशशुल्क लागते. ज्या गावात असे महाविद्यालय नाही, तिथल्या मुलाला गॅरेजातला मृत पाटा आणि शेताची वाट एवढेच उरते.

तेवढ्यावरही बरेच काही करता येते. शेतातील ट्रॉलीचा एक पाटा दोन आधारांवर ठेवून मध्यभागी वजने टांगत नेली आणि प्रत्येक वजनाला तो किती वाकतो ते लिहीत गेले, तर रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये जाहीर केलेला नियम तासाभरात पडताळून पाहता येतो. नंतर वजने त्याच क्रमाने उतरवली की परतीचे आकडे जातानाच्या आकड्यांशी जुळत नाहीत, असे दिसेल. पट्ट्यांमधील घर्षण ते हेच, आणि दोन आलेखांच्या मधोमध अडकलेले क्षेत्रफळ म्हणजे पाट्याने एका फेरीत गिळलेली ऊर्जा. पट्ट्यांना ग्रीस लावून प्रयोग पुन्हा केला की ते क्षेत्रफळ आकसते.